उंचीचे भाडे

धार जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, मही नदीच्या उगमाकडील प्रदेशात सरदारपूर हे तहसिलीचे गाव वसले आहे. माळव्याचे पठार येथवर सपाट, काळ्या मातीचे आणि काहीसे आळसावलेले असते. मग दक्षिणेकडे काही कोसांवर ते एकाएकी तुटते आणि विंध्याचा कडा खाली निमाडात उतरतो. पठारावर राहणाऱ्या मनुष्याला आपण उंचावर आहोत ही जाणीव सहसा नसते. कड्याशी जाऊन उभे राहिले म्हणजेच ती होते. आणि एकदा झाली की पुन्हा पुन्हा व्हावी असे वाटू लागते. सरदारपूर, राजगड, अमझेरा, धार या गावांतील कुटुंबे सुटीच्या दिवशी मांडवगडाची वाट धरतात, त्यामागे इतिहासाची आवड किती आणि या जाणिवेची ओढ किती, हे नेमके सांगणे अवघड आहे.

मांडवगडाच्या दक्षिण टोकाला रूपमतीची छत्री आहे. तेथून खालचे निमाड सुमारे 365 मीटर खोल दिसते आणि हवा स्वच्छ असेल तर नर्मदा रुपेरी रेघेसारखी चमकते. या दृश्याला पुरातत्त्व खात्याचे तिकीट पडते ते 25 रुपयांच्या आसपास. त्याच गडावर 2019 नंतरच्या मांडू उत्सवांतून उष्ण हवेच्या फुग्यात बसण्याची सोय झाली आणि तिचे भाडे अर्थातच वेगळ्या जातीचे असते. चार घटका अधांतरी राहण्यासाठी घरातील किती पैसा वेगळा काढावा, हा प्रश्न मग बापापुढे उभा राहतो. मुलांपुढे तो नसतोच. वरवर पाहता ही घरच्या जमाखर्चाची बाब आहे. परंतु या डोंगरावर उंचीची किंमत पाचशे-सहाशे वर्षे मोजली जात आहे, आणि ती मोजणारे सगळेच काही प्रवासी नव्हते.

पंधराव्या शतकाच्या आरंभी होशंगशहाने माळव्याची राजधानी धारहून हलवून मांडवगडावर नेली. धार सपाटीवर, हमरस्त्यावर, बाजारपेठेचे शहर; मांडवगड समुद्रसपाटीपासून 600 मीटरांहून अधिक उंच, काकडा खोहच्या खोल दरीने पठारापासून जवळजवळ तुटलेला. राजधानीच्या शहराने असे डोंगरावर जाऊन बसणे हे व्यापाऱ्याच्या दृष्टीने वेडेपणाचेच. पण सुलतानाला बाजारापेक्षा तट प्रिय होता. चाळीसएक किलोमीटरांचा तो तट आजही ठिकठिकाणी उभा आहे. एवढ्या तटाला दगड लागला, चुना लागला आणि तो वाहून नेणारी माणसेही लागली. त्यांची नावे कोठेच नोंदलेली नाहीत.

होशंगानंतर लवकरच गादीवर आलेल्या महमूद खिलजीला नुसती डोंगराची उंची पुरेना. मेवाडच्या राणा कुंभाशी त्याची झुंज चालली होती, आणि 1443 साली मिळालेल्या विजयाची आठवण म्हणून त्याने जामी मशिदीसमोरील मदरशाच्या एका बुरुजावर सात मजल्यांचा मनोरा चढविला. हाच हफ्त मंझिल. मौजेची गोष्ट अशी की, त्याच झगड्यात आपण जिंकलो असे राणा कुंभाचेही म्हणणे होते आणि त्यानेही चितोडगडावर नऊ मजली विजयस्तंभ उभारला. त्याचे काम 1448 साली पुरे झाले. एकाच युद्धाचे दोन विजय आणि दोन मनोरे! त्या युद्धात खरोखर कोण जिंकले हे इतिहासकारांना ठरवू द्यावे. मनोऱ्यांच्या युद्धात मात्र निकाल स्वच्छ लागला. सुमारे 37 मीटर उंचीचा विजयस्तंभ आजही जागच्या जागी आहे. हफ्त मंझिल कोसळला. घाईने केलेले काम, आत दगडगोट्यांचा भराव आणि वर संगमरवराचा देखणा मुलामा, हे त्याचे कारण जाणकार देतात. शेजारची महमूदाची भव्य कबरही अशीच पडली. उंच जाण्याची उतावीळ असली की पाया दुर्लक्षिला जातो, आणि पाया दुर्लक्षिला की वरच्या मजल्यांचे आयुष्य सुलतानाच्या लहरीइतकेच उरते.

तो मनोरा पडण्यापूर्वी मात्र परक्या डोळ्यांनी पाहिला. सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी मांडवगडावरून गेला, त्याने या मनोऱ्याला 170 पायऱ्या असल्याचे लिहून ठेवले आहे. व्यापारी मनुष्य; नक्षीपेक्षा पायऱ्यांचा आकडा त्याला महत्त्वाचा वाटला असेल तर नवल नाही.

पायऱ्यांचा प्रश्न निघाला तर त्या मदरशाविषयी लोक सांगतात ती कथाही सांगितली पाहिजे. या वास्तूला अशर्फी महाल म्हणतात. सुलतानाच्या बेगमा सुखासीनतेने स्थूल झाल्या, तेव्हा त्यांनी चढउतार करावा म्हणून सुलतानाने प्रत्येक पायरीला एक अशर्फी देऊ केली आणि त्यावरून हे नाव पडले, अशी ती कथा. इतिहास म्हणून तिला काही आधार नाही. पण लोककथा उगीच जन्मत नाहीत. उंच चढण्यासाठी पैसे द्यावे लागतात ही गोष्ट जगात सर्वत्र रूढ आहे. माळव्यातील कथेने ती उलटी करून चढणाऱ्याच्याच पदरात पैसा टाकला. गडावर दगड वाहणाऱ्याच्या पदरात तो कितीसा पडला असेल, याचा विचार केला म्हणजे या विनोदाची धार ध्यानात येते.

उंचीची खरी किंमत पाण्यात मोजावी लागते, हे मांडवगडाला 1617 साली कळून चुकले. दख्खनच्या मोहिमेवर शाहजादा खुर्रम गेला होता आणि त्याच्या पाठीशी राहावे म्हणून बादशहा जहांगीर अजमेरहून निघून मांडवगडावर येऊन राहिला. अजमेर ते मांडवगड हा प्रवास चार महिने चालला होता. बादशहा येण्यापूर्वीच जुन्या सुलतानांच्या इमारतींची डागडुजी आणि नव्या वाड्यांचे बांधकाम झाले होते, त्यावर तीन लाख रुपये खर्च झाल्याची नोंद स्वतः जहांगीरने आपल्या आत्मवृत्तात केली आहे. ज्या काळी साधा प्यादा महिन्याला तीन-चार रुपयांत घर चालवी, त्या काळातील हे तीन लाख.

बादशहा खूश होता. पावसाळ्यातील मांडवगडाचे त्याने मनापासून वर्णन केले आहे: हिरवळ, फुले, थंड हवा. दोन तलावांच्या मधोमध असलेल्या वाड्यात नूरजहानने दिलेल्या मेजवानीला काठावर असे दिवे लावले होते की पाण्याचा पृष्ठभागच पेटल्यासारखा दिसत होता. याच मुक्कामात नूरजहानने हत्तीवरून सहा गोळ्यांत चार वाघ मारले. थरारासाठी म्हणून डोंगरावर येण्याची हौस, म्हणजे आजच्या प्रवासी मंडळींनी शोधून काढलेली गोष्ट नव्हे.

त्याच वेळी त्याच गडावर दुसरा एक पाहुणा होता, इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो. त्याची टिपणे वाचली म्हणजे आपण वेगळ्याच गावाविषयी वाचत आहोत असे वाटते. राहायला जागा नाही म्हणून तो एका ओसाड मशिदीत व कबरीच्या आवारात उतरला. रात्री हिंस्र श्वापदे आवारापर्यंत येत. आणि सर्वांत मोठे संकट पाण्याचे! हजारो माणसे, हत्ती, घोडे, उंट यांचा तांडा कड्यावर चढविला, पण उन्हाळ्यात त्यांना पुरेल एवढे पाणी तेथे नव्हते. चांगले झरे आणि टाकी बड्या सरदारांच्या ताब्यात गेली; सामान्य माणसे गड सोडून खाली जाऊ लागली; राजाच्या वकिलालाही एका सरदाराकडे रदबदली करून रोजच्या काही पखाली पदरात पाडून घ्याव्या लागल्या. दिव्यांनी उजळलेले तलाव आणि पखालीसाठी रांग, ही दोन्ही दृश्ये एकाच वर्षाची आहेत. पहिल्याची चित्रे निघाली. दुसऱ्याची कोण काढणार?

आज सिमला, उटी किंवा महाबळेश्वर येथे मे महिन्यात पाण्याचे टँकर चढताना दिसतात, तेव्हा रोच्या त्या टिपणांची आठवण येते. वर गेलेला पाहुणा चार दिवसांनी उतरतो. वर राहणाऱ्या माणसाच्या घागरीचे काय होते, हे तिकिटावर छापलेले नसते.

रूपमतीच्या छत्रीकडे परत वळू. बाजबहादूर आणि रूपमती यांची प्रीतिकथा माळव्यात घरोघर ठाऊक आहे. रूपमतीला नर्मदेचे दर्शन घेतल्याखेरीज अन्न गोड लागत नसे, म्हणून बाजबहादुराने ही छत्री बांधली, असे वाटाडे सांगतात. वास्तूच्या बांधणीकडे पाहिले तर ती एका दमात झालेली नाही. मूळ इमारत खालची, जाड भिंतींची आणि निरुंद कमानींची; ती प्रेमिकांसाठी नव्हे, पहारेकऱ्यांसाठी होती. वरचे सज्जे आणि घुमट मागाहून आले. खालचा बाजबहादुराचा म्हणून दाखविला जाणारा महालही त्याचा नव्हे. दरवाजावरील लेखाप्रमाणे तो नासिरुद्दीन सुलतानाच्या कारकिर्दीत, 1508-09 च्या सुमारास बांधला गेला. असो. कथेला जागा हवी असते, आणि एवढी सुंदर जागा रिकामी असताना कथेने ती घेतली म्हणून कोणी तक्रार करू नये.

पण चौकी म्हणून या जागेचे नशीब मोठे विलक्षण आहे. ती दक्षिणेकडे पाहते. नर्मदा ओलांडून कोणी येत आहे काय, हे कळावे यासाठी ती बांधली. 1561 साली माळव्यावर संकट आले ते उत्तरेकडून. अकबराचा सरदार अधमखान सारंगपुरापाशी येऊन ठेपला, बाजबहादुराचा मोड झाला, तो पळाला; रूपमती शत्रूच्या हाती लागण्यापूर्वी विष घेऊन मरण पावली. कड्यावरून कोसन् कोस दिसत होते, पण दिसायला हवे होते ते पाठीमागे होते.

नंतर 1728 साली खरोखरच दक्षिणेकडून सैन्य आले. हा प्रसंग मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याचा आहे आणि त्याची रणभूमी आजच्या सरदारपूर तहसिलीतच आहे. चिमाजी आप्पा नोव्हेंबर महिन्यात नर्मदा उतरले. बरोबर मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, उदाजी पवार. माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादूर अमझेऱ्याला मोर्चे बांधून बसला होता, कारण मराठे अमझेऱ्याजवळच्या घाटाने वर चढतील असा त्याचा होरा होता. मराठे चढले ते मांडवगडाजवळच्या घाटाने. तेथे त्यांना अडविणारे कोणी नव्हते. पठारावर येताच त्यांनी वळसा घेतला आणि 29 नोव्हेंबर रोजी सुभेदाराला अचानक गाठले. गिरिधर बहादूर आणि त्याचा नातलग दया बहादूर, दोघेही पडले. ज्या कड्यावर दोनशे वर्षांपूर्वी खास पहाऱ्यासाठी चौकी बांधली होती, त्याच कड्याच्या बाजूने माळवा मराठ्यांच्या हाती आला. उंची फुकट पाहत नाही. तिच्यावर जागता माणूस ठेवावा लागतो, आणि त्याचा पगार चुकला की उंची आंधळी होते.

पवारांनी मांडवगड घेतला, पण तेथे राहण्याच्या फंदात ते पडले नाहीत. धारेला आपले ठाणे करून त्यांनी राजधानी पुन्हा सपाटीवर आणली. मराठी राज्यकर्ता गडाला घाबरणारा नव्हे; तरीही माळव्यात त्याने घोडदळाचा, वसुलीचा आणि बाजाराचा विचार केला आणि डोंगराला रजा दिली. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म 1775 साली धारच्या किल्ल्यात झाला, तोवर मांडवगडावर रान माजले होते.

त्या रानात पुन्हा माणसांची चाहूल लागली ती 1818 साली. सर जॉन माल्कम माळव्याची व्यवस्था लावण्यास आला, तेव्हा मांडवगडाच्या पायथ्याजवळील नालछा गाव उजाड पडले होते. तेथील जुन्या महालात वाघ राहत. ते मारून माल्कमने त्या महालात आपला उन्हाळी मुक्काम केला. वाघीण जेथे व्याली होती त्या दालनात साहेबाचे बिऱ्हाड लागले. गरम मैदानातून उठून थंड पठारावर काम करावयाचे, ही गोडी त्याला येथे चांगलीच लागली असावी; कारण पुढे 1827 साली मुंबईचा गव्हर्नर झाल्यावर त्याने सह्याद्रीच्या माथ्यावर हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. 1829 साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून वाई भागातील खंडाळा गावाच्या बदल्यात महाबळेश्वरचा माथा इंग्रजांनी घेतला आणि नव्या पेठेला माल्कमचे नाव मिळाले. एक गाव देऊन एक उंची घेतली, असा हा सरळ व्यवहार! महाराजांनी स्वतःच्या खर्चाने तेथवर सडकही करून दिली होती. पुढे चिनी कैद्यांना तेथे तुरुंगात ठेवून भाजीपाल्याची लागवड करून घेतली गेली. साहेबांच्या मडमांना डोलीतून पॉइंटावर नेणारे भोई आसपासच्या गावांतले. महाबळेश्वरच्या थंडीचे कौतुक करणारी पुस्तके पुष्कळ आहेत. डोलीचा दांडा खांद्यावर घेतलेल्या माणसाला ती थंडी किती लागत होती, याविषयी ती मूक आहेत.

येथवर उंचीची किंमत राजे, वकील आणि गव्हर्नर मोजत होते, म्हणजे दुसऱ्यांकडून मोजून घेत होते. तिकीट काढून कोणालाही वर जाता यावे ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आहे. 1889 साली पॅरिसमध्ये आयफेल मनोरा खुला झाला. पहिल्या मजल्याला दोन फ्रँक, दुसऱ्याला आणखी एक, अगदी शिखराला आणखी दोन. म्हणजे एकंदर पाच फ्रँक. साध्या मजुराच्या दिवसाच्या कमाईच्या जवळपास जाणारी ही रक्कम होती. तरी त्या प्रदर्शनाच्या काळातच वीस लाखांच्या घरात लोक वर जाऊन आले आणि बांधणीचा खर्च बहुतेक वसूल झाला. ज्या कलावंतांनी मनोऱ्याविरुद्ध जाहीर निषेध केला होता, त्यांचा आवाज गल्ल्यावरील नाण्यांच्या आवाजात बुडून गेला.

अमेरिकेने याला उत्तर दिले ते 1893 साली. शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस याने 264 फूट उंचीचा पाळणा उभारला. छत्तीस डबे, प्रत्येकात साठ माणसे, वीस मिनिटांची फेरी आणि भाडे पन्नास सेंट. संपूर्ण प्रदर्शनात शिरण्याचे तिकीटही पन्नास सेंटच होते! म्हणजे साऱ्या जगातील कलाकौशल्य पाहण्याचे जेवढे दाम, तेवढेच दोन वेळा गोल फिरण्याचे. लोकांनी ते आनंदाने दिले. फेरिस मात्र हिशेबाच्या भांडणात आणि कर्जात बुडाला व 1896 साली, वयाच्या 37 व्या वर्षी मरण पावला. पाळणा 1906 साली सुरुंग लावून पाडण्यात आला. आपल्या जत्रांत आज जो आकाशपाळणा फिरतो, त्याचा हा पूर्वज. सरदारपुराच्या आसपासच्या भगोरिया हाटांत आदिवासी मुले ज्या पाळण्यांवर बसून किंकाळ्या फोडतात, त्यांचे भाडे काही रुपयांचे असते आणि आनंद शिकागोतल्यापेक्षा कमी प्रतीचा असेल असे मानण्यास काही कारण नाही.

फुग्याची गोष्टही फार निराळी नाही. 1783 साली व्हर्साय येथे माँगोल्फिए बंधूंच्या फुग्यातून जे पहिले तीन प्रवासी वर गेले, त्यांना भाडे पडले नाही. ते एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा असे होते. मनुष्यप्राणी मागाहून गेला, आणि मग लवकरच तिकिटे आली.

थराराच्या धंद्यात एक गृहीत धरलेले असते: भीती खरी वाटावी, पण धोका खरा नसावा. गिऱ्हाईक पैसे देते ते या फरकासाठी. हा फरक सांभाळण्याचे काम दोरखंड, खिळे, दिवे आणि पहारेकरी यांच्याकडे असते, आणि नफ्याची काटकसर प्रथम त्यांच्यावरच होते. दिल्लीच्या कुतुबमिनारात 4 डिसेंबर 1981 रोजी आतल्या जिन्यातले दिवे गेले. निरुंद, गोल, काळोखा जिना. चढणारे आणि उतरणारे एकमेकांत अडकले. चेंगराचेंगरीत 45 माणसे मेली आणि त्यांतली बहुतेक शाळांच्या सहलींतून आलेली मुले होती. तेव्हापासून तो जिना लोकांना बंद आहे. मिनाराची उंची 72.5 मीटर आहे हे पाठ्यपुस्तकात असते. त्या मुलांविषयी एक ओळही तेथे नसते.

झारखंडात देवघरजवळच्या त्रिकूट डोंगरावर 10 एप्रिल 2022 रोजी, रामनवमीच्या दिवशी, रज्जुमार्गाच्या पाळण्यांची टक्कर होऊन माणसे दरीवर लटकून राहिली. सैन्याची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली, सुटका चाळीस तासांहून अधिक काळ चालली आणि तीन जीव गेले. चीनमधील झांगजियाजिए येथील काचेचा पूल, सुमारे 430 मीटर लांब आणि 300 मीटर खोल दरीवरचा, 2016 च्या ऑगस्टमध्ये मोठ्या गाजावाजाने उघडला आणि दोन आठवड्यांच्या आतच काही काळ बंद करावा लागला, कारण सोसेल त्याच्या कितीतरी पट गर्दी उसळली. तेथे कोणाला इजा झाली नव्हती. शहाणपणाने घेतलेला तो निर्णय होता आणि शहाणपणाची बातमी होत नाही म्हणूनच येथे मुद्दाम सांगितला.

तरीही वर नेणारे प्रत्येक यंत्र म्हणजे निव्वळ चैन, असे म्हणणे अन्यायाचे होईल. रायगडाच्या चौदाशेंहून अधिक पायऱ्या चढणे तरुणाला भूषण आहे. सत्तरी ओलांडलेल्या मनुष्याला ते स्वप्न असते. 1996 साली रायगडाला रज्जुमार्ग झाला तेव्हा गडाचे पावित्र्य गेले असे काही मंडळींना वाटले. परंतु ज्या वृद्धांनी जन्मभर शिवचरित्र वाचले आणि गुडघ्यांनी ज्यांना दगा दिला, त्यांना त्या चार-पाच मिनिटांच्या पाळण्याने महाराजांच्या समाधीपुढे नेऊन उभे केले. त्यांच्याकडून घेतलेले भाडे थराराचे नाही, दर्शनाचे आहे. पाळण्यातून जाताना खाली हिरकणीचा कडा आठवावा. संध्याकाळी दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या लेकरासाठी त्या गवळणीने तो कडा उतरला, अशी कथा आहे. तिने मोजलेली किंमत कोणत्याही तिकिटघरात बसत नाही.

देवासच्या टेकडीचेही तेच. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे हे गाव, आणि गावावर देवीची टेकडी. थोरल्या पातीच्या महाराजांकडे 1921 साली काही महिने चिटणिसी केलेल्या ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाने 1953 साली आपल्या आठवणींच्या पुस्तकाला याच टेकडीचे नाव दिले. तेथेही आता पाळणे आहेत. नवरात्रात पायऱ्यांनी चढणाऱ्यांची रीघ आणि डोक्यावरून सरकणारे पाळणे एकाच वेळी दिसतात. कोणाचे पुण्य अधिक, हा वाद देवीवर सोपवावा.

फरक आहे तो येथे. ज्या उंचीवर गेल्यावर काही दिसते, काही भेटते, त्या उंचीचे पैसे द्यावेत, आणि दिलेल्या पैशातून दोरखंड तपासणाऱ्याचा पगार निघतो की नाही, हे विचारण्याचा हक्कही बजावावा. केवळ पोटात गोळा यावा म्हणून काचेवर उभे राहण्यासाठी डोंगराच्या माथ्यावर सिमेंट ओतायचे आणि त्याला विकास म्हणायचे, हा मात्र महाग सौदा आहे. तिकीट स्वस्त असले तरी महाग आहे. पहिल्या फेरीनंतर गोळा येत नाही. मग अधिक उंच पूल हवा, अधिक लांब हवा. महमूद खिलजीला सहा मजले पुरले नाहीत, तशातलाच हा प्रकार.

सरदारपुराला उंच उडीचा एक खेळ फुकट पाहायला मिळत असे. पावसाळ्यात या भागातील गवताळ माळांवर तणमोर येतो. तिकडे त्याला खरमोर म्हणतात. मादीचे लक्ष वेधण्यासाठी नर गवतातून एकदम पुरुषभर उंच उसळी घेतो आणि पुन्हा गवतात नाहीसा होतो. दिवसभरात अशा शेकडो उसळ्या. सलीम अली यांच्यासारख्या पक्षितज्ज्ञांनी लक्ष वेधल्यावर 1983 साली येथे या पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. अभयारण्याचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनींचा. त्यांच्या खरेदी-विक्रीवर वर्षानुवर्षे बंधने आली आणि मुलीच्या लग्नाला वा आजारपणाला शेत विकू पाहणाऱ्याची अडचण झाली. पक्षी तर दरसाल विरळ होत चालला आहे. शहरातून दुर्बीण घेऊन येणाऱ्याला ही उसळी विनामूल्य वाटते. तिचे भाडे बांधावरचा शेतकरी भरतो.

मांडवगडावर अशर्फी महालाच्या पायऱ्या अजून आहेत. सहलीला आलेली मुले त्या मोजत धावत चढतात आणि वाटाड्याने अशर्फीची कथा सांगितली की वर पोहोचल्यावर एकमेकांकडे हात पसरतात. बाजूला हफ्त मंझिलचा पहिला मजला तेवढा शिल्लक आहे, सुमारे 32 फूट. बाकीचे सहा मजले केव्हाच खाली आले, आणि त्यांच्या दगडांवर बकऱ्या चरताना दिसतात.